वाचकांचे प्रश्न : ऑफ-सीझनची फोटो-सहल, दोघांची

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी फोटो काढतो. गर्दी नको म्हणून मुद्दाम हंगाम नसताना निघायचं ठरवलंय. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "तेव्हा तिथे काही नसतं." मग महिना ठरवायचा कसा?

असं सांगणाऱ्याला उलट विचारा, की हवा खराब असते, दिवस लहान असतो, की सोयी बंद असतात? फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने या तीन अडचणींचं वजन सारखं नाही. खराब हवा बरेचदा फायद्याचीच ठरते. सोयी बंद असणं मात्र खरोखर सहल बुडवतं.

हवेसाठी त्या जागेची तीस वर्षांची सरासरी पाहा; सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड प्रमाण धरतात. त्यात महिन्याचा एकूण पाऊस पाहून घाबरू नका, पावसाचे दिवस किती ते मोजा. २०० मिलिमीटर पाऊस सहा दिवसांत पडणं आणि वीस दिवस रोज थोडा थोडा पडणं यांत फार फरक आहे. पहिल्या प्रकारात सरी थांबल्यावर स्वच्छ हवा आणि फाटलेले ढग मिळतात. दुसऱ्यात आठवडाभर सपाट राखाडी आभाळ मिळू शकतं.

मग सूर्य. दुपारी तो किती वर येईल हे काढायला ९० मधून अक्षांश वजा करायचे आणि हिवाळ्यात सर्वांत लहान दिवशी आणखी २३.५ वजा करायचे. ४५ अक्षांशावर उरतात २१.५ अंश, म्हणजे भर दुपारीसुद्धा सावल्या लांब. ६० अक्षांशावर उरतात फक्त साडेसहा. तिथे दिवसभर सोनेरी उजेड असतो, पण तो दिवसच जेमतेम सहा तासांचा. उत्तर गोलार्धात दरीच्या दक्षिणेला २५ अंशांपर्यंत उंच कडा असेल, तर ४५ अक्षांशावर त्या दिवसांत दरीच्या तळाशी ऊनच उतरत नाही. हे नकाशावर आधी तपासा.

इथे एक चूक हमखास होते. उन्हाळ्यात काढलेला एखादा सुंदर फोटो बघून जागा ठरवली जाते आणि डिसेंबरात सूर्य भलतीकडेच उगवतो. ४५ अक्षांशावर उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस यांच्या सूर्योदयाच्या दिशांत सुमारे ६८ अंशांचं अंतर पडतं. २० अक्षांशावरही ते ५० च्या आसपास असतं. सूर्याची दिशा दाखवणाऱ्या ॲपमध्ये तुमची तारीख घालून पाहा, फोटोतली नव्हे.

सोयींबाबत फोन करून "त्या तारखांना" असंच विचारा. फेरीबोट आठवड्यातून किती दिवस, घाटरस्ता बर्फामुळे बंद असतो का, दरवाजे किती वाजता उघडतात, कारंजी चालू असतात का, आणि इमारतीला डागडुजीसाठी परांची बांधली आहे का. डागडुजी बहुतेक ठिकाणी नेमकी पर्यटक नसतानाच काढतात.

प्रश्न : नवरा सोबत येणार आहे, पण त्याला फोटोंत रस नाही. पहाटे उठवलं की दिवसभर तोंड फुगलेलं. तोडगा?

हिवाळ्यात जा, अर्धा वाद तिथेच मिटेल. उंच अक्षांशांवर सूर्योदय आठ-नऊला होतो, आणि उजेडाला घाई नसते. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश विषुववृत्ताजवळ वीस-बावीस मिनिटांत संपतो. ६० अक्षांशावर डिसेंबरात तोच जवळपास तासभर टिकतो. त्यामुळे धावाधाव न करता निळ्या उजेडातलं काम होतं.

आधी ठरवायचं ते इतकंच : दिवसातून जास्तीत जास्त दोन वेळा कॅमेऱ्याच्या, बाकी दिवस दोघांचा. त्या दोन वेळा घड्याळाने सांगा. "थोडा वेळ थांबू" असं मोघम बोललात की भांडण होतं. "सव्वापाच ते साडेसहा" म्हटलं की होत नाही. आणि साडेसहाला ट्रायपॉड खरंच मिटा, मग आभाळ कितीही पेटलेलं असो.

थंडीत एक गोष्ट फोटो काढणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. तो इकडेतिकडे हलत असतो, सोबतीचा माणूस नुसता उभा असतो. उभं राहणारा खूप लवकर गारठतो. त्याच्यासाठी एक जाड थर जास्तीचा, गरम पेयाचा थर्मास, आणि बसायला जाड फोमचा तुकडा घ्या. पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आडोसा असलेली जागा निवडता आली तर उत्तमच.

प्रश्न : मी आणि माझा सहप्रवासी वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे वापरतो. ओझं कमी करायला कोणतं सामान दोघांत एक पुरेल?

माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला लेन्स जोडायची खाच, वेगळा असेल तर लेन्स वाटून घेण्याचा विचार सोडा. फिल्टर मात्र वाटता येतात. दोघांच्या लेन्समधला सर्वांत मोठा व्यास पाहा, समजा एकाचा ६७ आणि दुसऱ्याचा ७७ मिलिमीटर. मग फिल्टर ७७ चे घ्या आणि लहान लेन्ससाठी ६७ ते ७७ ची स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी. रिंग लावली की लेन्सचा हूड (तोंडावरचा आडोसा) बसत नाही, आणि वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर दोन फिल्टर चढवले तर कोपरे काळे पडतात, हे लक्षात असू द्या.

ट्रायपॉड एकात भागवू नका. ज्या दहा मिनिटांत तो लागतो, त्याच दहा मिनिटांत दोघांनाही लागतो. लॅपटॉप, ब्लोअर, कार्डरीडर, प्लगचा अडॅप्टर हे एकेक पुरे. फक्त एकाचं एसडी आणि दुसऱ्याचं सीएफएक्सप्रेस कार्ड असेल तर दोन्ही वाचणारा रीडर हवा.

निघण्यापूर्वी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच फोनवरून सेकंदापर्यंत जुळवा. नाही जुळवली तर परतल्यावर दोघांचे फोटो एकत्र लावताना सगळा क्रम विस्कटतो.

साठवणीचं गणित असं : २४ मेगापिक्सेलची कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची. दिवसाला ६०० फोटो धरले तर १८ जीबीपर्यंत, आठवड्याला एका माणसाचे सुमारे १२६ जीबी. दोन एसएसडी (छोट्या साठवण-डिस्क) घ्या आणि दोन्हींवर दोघांचेही फोटो उतरवा. मग एक त्याच्या पिशवीत, एक तुमच्या. पिशवी हरवली, भिजली, चोरीला गेली तरी कुणाचंच काम जात नाही, आणि सोबतीने प्रवास करण्याचा एवढा स्वस्त फायदा दुसरा नाही. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी साधारणपणे चालते, तरी किती नग नेता येतील ते विमान कंपनीकडे विचारा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-तासांची होते.

प्रश्न : ऐन पावसाळ्यात जाणार आहोत. कॅमेरा "वेदर-सील्ड" आहे. तरीही काळजी घ्यावी का?

घ्यावी. सील्ड म्हणजे जलरोधक नव्हे. शिवाय सील कॅमेऱ्याला असतं तसं लेन्सला, विशेषतः तिच्या माउंटपाशी, असेलच असं नाही. झूम करताना लांब होणारी लेन्स आत हवा ओढते आणि त्या हवेबरोबर दमटपणाही. पावसात लेन्स बदलूच नका. दोघांनी मिळून ठरवा : एकाकडे वाइड, दुसऱ्याकडे टेली (दूरचं जवळ दाखवणारी), आणि आश्रयाखाली आल्यावरच अदलाबदल.

पावसात सोबतीचा माणूस सोन्यासारखा. एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने फोटो काढायचा, वीस मिनिटांनी पाळी बदलायची. वाऱ्याकडे पाठ, हूड लावलेला, काम नसेल तेव्हा लेन्स खाली. मायक्रोफायबर कापड चिंब झालं की पुसण्याऐवजी डाग पसरवतं. चार-पाच कापडं वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत ठेवा. समुद्राचे तुषार उडाले असतील तर आधी गोड्या पाण्यात ओलं करून पिळलेल्या कापडाने मीठ उचला, मग कोरडं करा. कोरड्या कापडाने मीठ घासलं तर काचेवर ओरखडे येतात.

उष्ण-दमट हवेत वातानुकूलित खोलीतून बाहेर आलात की काच लगेच धूसर होते, कारण ती हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं त्या तापमानापेक्षा, थंड असते. पुसून उपयोग नाही, वाफ पुन्हा धरतेच. निघण्याच्या अर्धा तास आधी बंद पिशवीतला कॅमेरा व्हरांड्यात ठेवून द्या. रात्री पिशवीत सिलिका जेल हवं, आणि परतल्यावर सामान ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवायला हवं. ओल्या पिशवीत आठवडाभर पडलेल्या लेन्सवर बुरशी धरली तर दोष पावसाला देऊ नये.

फोटोंचं म्हणाल, तर पावसाच्या रेघा हव्या असतील तेव्हा शटर १/६० ते १/१२५ सेकंद ठेवा आणि मागे गडद पार्श्वभूमी घ्या. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस दिसतच नाही. ओल्या पानांवरची चमक पोलरायझर फिल्टरने जाते, बदल्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). ओढ्याचं पाणी रेशमी दिसायला पाव ते एक सेकंद पुरतो. जास्त लांबवायचं तर सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा गडद फिल्टर) उजेड ६४ पटींनी कमी करतो, म्हणजे १/१५ चं शटर सव्वाचार सेकंदांचं होतं.

प्रश्न : बर्फात बॅटरी किती टिकते?

उणे २० अंशांवर निम्म्यापर्यंत उतरते असं धरून चाला. सुट्या बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा. गार पडून "संपलेली" बॅटरी उबेला आली की पुन्हा थोडं काम करते. शून्याखाली चार्जिंग करू नका, पेशींच्या आत लिथियमचा थर जमून बॅटरी कायमची खराब होते. खोलीत शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि आत तास-दोन तास उघडू नका. त्याआधी कार्ड मात्र काढून घ्या, नाहीतर त्यासाठी पिशवी उघडायचा मोह होतो. बर्फाचा फोटो राखाडी येतो कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं मधल्या छटेला आणू पाहतो. एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वाढवा.

प्रश्न : ताऱ्यांसाठी कोणते दिवस?

अमावास्येच्या दोन-तीन दिवस आगेमागे. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरने) भागा, येतात ते शटर उघडं ठेवायचे कमाल सेकंद : फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिलिमीटरला सुमारे २० सेकंद, १.५ क्रॉपवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) आणखी १.५ ने भागून १४. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर यापेक्षाही कमी ठेवा, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा उमटतात.

प्रश्न : हवा बिघडली आणि एकाला परतायचं असेल, दुसऱ्याला थांबायचं असेल, तर? पैशांचं काय?

हे बुकिंगच्या आधी बोलून घ्या, घाटात उभं राहून नव्हे. सुरक्षिततेच्या प्रश्नावर बहुमत नसतं. ज्याला भीती वाटते त्याचा शब्द शेवटचा. निर्णयाची वेळही ठरवा : आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून एकदा, निघण्यापूर्वी पुन्हा एकदा, आणि वाटेत एक ठिकाण असं की जिथून दृश्यमानता अमुक मीटरच्या खाली असेल तर वळायचंच.

दर तीन-चार दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या मुक्कामाच्या खोल्या पक्क्या करा. मधल्या रद्द करता येतील अशा घ्या, मग भाडं थोडं जास्त का असेना. राहणं, गाडी, इंधन निम्मं-निम्मं. फोटोंपायी वाढलेला खर्च, म्हणजे जादा मुक्काम, प्रवेशाचं वेगळं शुल्क, वाटाड्या, हा ज्याला हवा त्याचा. रद्द झालेल्या बुकिंगचं नुकसान कुणामुळे झालं हे न बघता अर्धं-अर्धं वाटायचं ठरवा, म्हणजे पैसे जातील या भीतीने कुणी "चला, जाऊच" म्हणणार नाही.

विमा घेताना एका वस्तूमागे कमाल भरपाई किती ते वाचा. कॅमेरा आणि लेन्सच्या किमतीपुढे ती बरेचदा तोकडी असते. सीरियल नंबर आणि बिलांचे फोटो दोघांच्याही फोनवर असू द्या.