वाचक विचारतात : हेपॅरिनविना डायलिसिस

प्रश्न : वडिलांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन ऑपरेशन झालं आहे. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) न देता डायलिसिस करू, असं डॉक्टर म्हणतात. मग रक्त मशीनमध्ये गोठणार नाही का? गुठळी अंगात गेली तर?
– एक वाचक, सांगली

गोठू शकतं, आणि ते धरूनच डॉक्टरांनी हा निर्णय घेतला आहे. हेपॅरिन फक्त नळ्यांपुरतं राहत नाही, ते रुग्णाच्या अंगातही जातं आणि डायलिसिस संपल्यावरही काही काळ काम करत राहतं. मेंदूतल्या ताज्या जखमेला ते परवडणारं नाही.

परत येणाऱ्या लाइनवरच्या ड्रिप चेंबरमध्ये बारीक जाळी असते. मोठी गुठळी तिथे अडते, दाब वाढतो आणि मशीन अलार्म देऊन पंप थांबवतं. खरं नुकसान होतं ते रक्ताचं. फिल्टर आणि नळ्यांत मिळून साधारण दीडशे ते अडीचशे मिली रक्त असतं आणि सर्किट पूर्ण गोठलं तर ते परत देता येत नाही. म्हणून सलग चार तासांऐवजी दोन-तीन तासांचं डायलिसिस जास्त वेळा करतात. वडिलांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असेल, तर फिल्टर गोठल्यास काय करणार हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : दर अर्ध्या तासाला १०० मिली सलाइन फ्लश (नळीतून ढकललेलं मिठाचं पाणी) देतो, तरी तिसऱ्या तासाला फिल्टर काळा पडतो. काय चुकतंय?
– डायलिसिस टेक्निशियन, नांदेड

बहुधा फ्लशमध्ये काही चुकत नसावं. फ्लशने गोठणं थांबतं याचा पुरावा फारसा भक्कम नाही. त्याचा हमखास उपयोग एवढाच, की रक्त बाजूला सरून फिल्टरचे बारीक पोकळ धागे नीट दिसतात. गोठण्याची खरी कारणं तीन: रक्त थांबणं, हवा लागणं आणि रक्त दाट होणं.

पहिल्यापासून पाहा. पंप ३०० ते ४०० मिली प्रति मिनिट चालला पाहिजे, अर्थात रुग्णाला सोसत असेल तर. कॅथेटर (रक्तवाहिनीत बसवलेली नळी) दोनशेच्या वर जात नसेल, वारंवार दाबाचा अलार्म येत असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. अलार्म वाजून पंप दोन मिनिटं थांबला, तर त्या दोन मिनिटांत साठलेलं रक्त पुढे कितीही फ्लश दिले तरी सुटत नाही. हेपॅरिनविना चाललेल्या रुग्णाजवळून हलू नका.

हवेचं काम प्रायमिंगलाच, म्हणजे रक्त घेण्याआधी सर्किट सलाइनने भरतानाच करावं लागतं. फिल्टरचं व्हेनस (रक्त रुग्णाकडे परत जाणारं) टोक वर ठेवून, हलके टिचके मारत सगळे बुडबुडे बाहेर काढा. धाग्यांत हवा अडकली की तिथे रक्त साचतं. ड्रिप चेंबरची पातळी वर ठेवा, फेस होऊ देऊ नका. अशा रुग्णाला शक्यतो नवा फिल्टर लावा. रीयूजच्या, म्हणजे धुऊन पुन्हा वापरलेल्या फिल्टरचं आकारमान मूळच्या ८० टक्क्यांच्या वर भरलं तरी काही धागे आधीच बंद असतात.

मग दाटपणा. तासाला एक लिटर पाणी ओढलं, की फिल्टरच्या शेवटच्या भागात रक्त घट्ट होतं. पाणी कमी काढा, राहिलेलं दुसऱ्या दिवशी काढा. डायलिसिस चालू असताना त्याच सर्किटमधून रक्त चढवू नका.

फ्लश देताना आर्टेरियल (रुग्णाकडून रक्त आणणारी) लाइन सलाइनच्या जोडाच्या अलीकडे, म्हणजे रुग्णाच्या बाजूला क्लॅम्प करायची, सलाइन उघडायचं आणि पंप चालूच ठेवायचा. झालं की आधी सलाइन बंद, लगेच आर्टेरियल उघडी. हा जोड पंपाच्या आधी असल्याने तिथे ओढ असते. बाटली रिकामी झाली तर थेट हवा आत येते, म्हणून बाटली संपायच्या आत बदला. हिशोबही ठेवा: १५० मिलीचे सात फ्लश म्हणजे १,०५० मिली. ते यूएफमध्ये (मशीनने काढायच्या पाण्यात) धरलं नाही, तर रुग्ण लिटरभर पाणी अंगात घेऊन घरी जातो.

व्हेनस दाब हळूहळू चढणं, धाग्यांत काळ्या रेघा, चेंबरच्या कडेला चिकटलेला थर यांपैकी काही दिसलं, तर वाट न पाहता रक्त परत द्या आणि सर्किट बदला. पाऊण तास उशीर केला तर परत द्यायला रक्तच उरत नाही.

प्रश्न : हेपॅरिनमुळे प्लेटलेट घसरल्याचं निदान झालं आहे. सायट्रेट हा पर्याय कितपत सुरक्षित? कॅथेटर लॉकचं काय?
– परिचारिका, पुणे

या आजारात हेपॅरिनचा थेंबही चालत नाही. सर्किट हेपॅरिन-सलाइनने धुणं, हेपॅरिनचा लेप असलेला फिल्टर, कॅथेटरचा लॉक (दोन डायलिसिसच्या मधे कॅथेटरमध्ये भरून ठेवायचं द्रव) हे सगळं बंद. केसपेपरवर ठळक लिहा, कारण लॉक भरणारा माणूस दर पाळीला बदलतो.

सायट्रेट रक्तातलं आयनाइज्ड (मोकळं) कॅल्शियम बांधून ठेवतं आणि त्याशिवाय रक्त गोठत नाही. फिल्टरनंतरच्या रक्तात हे कॅल्शियम साधारण ०.४ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली ठेवतात, आणि परतीच्या लाइनमधून कॅल्शियम देऊन रुग्णाच्या अंगात १.० ते १.२ राखतात. कॅल्शियमचा पंप बंद पडला तर ओठांभोवती मुंग्या, पेटके, रक्तदाब घसरणं आणि पुढे हृदयाची लय बिघडणं. यकृत निकामी असेल तर सायट्रेट साचतं. एकूण कॅल्शियम आयनाइज्डच्या अडीचपटीवर गेलं, तर तसं समजावं. कॅल्शियमची तपासणी लगेच मिळत नसेल अशा युनिटमध्ये ही पद्धत सुरूच करू नये.

लॉकसाठी ४ टक्के सोडियम सायट्रेट चालतं. कॅथेटरवर छापलेल्या आकारमानाइतकंच, सावकाश भरा. ४६.७ टक्क्यांच्या तीव्र सायट्रेटने अमेरिकेत मृत्यू झाल्यावर २००० साली तिथे त्याविरुद्ध इशारा दिला गेला. पुढच्या वेळी सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचा लॉक ओढून फेकून द्या, आत ढकलू नका.