नाटक आणि डान्स एकाच डिग्रीत, दोन्हीकडून लटकणार तर नाही ना?

प्रश्न : ताई, मी आठ वर्षं डान्स शिकतेय, दोन-तीन नाटकांत पण कामं केलीत. आता युनिव्हर्सिटीत थिएटर आणि डान्स मिळून एकच डिग्री करायचीय. घरचे म्हणतात क्लासला शिकतेसच की, डिग्री कशाला. मैत्रीण म्हणते धड नट नाही धड डान्सर नाही असं होईल. आणि खरं सांगू का, लिहायचं खूप असतं म्हणे, त्याचीच जास्त भीती वाटते.

उत्तर : आधी मैत्रिणीचं बघू. तिला म्हणावं नाट्यशास्त्र उघड, चौथ्या अध्यायात नाचाची १०८ करणं (हात-पाय मिळून करायच्या ठरावीक हालचाली) आहेत आणि लगेच सहाव्यात नाटकातले रस, सगळं एकाच ग्रंथात, तेव्हा कुणाला दोन डिपार्टमेंट लागली नव्हती. वेगळी खाती झाली ती युनिव्हर्सिटीत. अमेरिकेत कार्नेगी टेक या कॉलेजात नाटकाची डिग्री १९१४ला सुरू झाली आणि डान्सची विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत १९२६ला, ती पण चक्क मुलींच्या फिजिकल एज्युकेशनमधून! मार्गारेट एच'डब्लर या बाईंनी ती उभी केली, आणि गंमत म्हणजे त्या स्वतः डान्सर नव्हत्या, बायोलॉजी शिकलेल्या, बास्केटबॉल शिकवायच्या. त्या स्टेप्स दाखवायच्याच नाहीत, मुलींना जमिनीवर झोपवायच्या आणि सांधा कुठून कसा फिरतो ते त्यांचं त्यांना शोधायला लावायच्या.

घरच्यांना हेच सांग. क्लासला 'असं कर' शिकवतात आणि चांगलं शिकवतात, त्याला नावं ठेवायची नाहीत, पण 'असंच का' हे विचारायला तिथे वेळ कुणाला असतो? शिवाय युनिव्हर्सिटीत तुला विंगेतही उभं करतील. लाइट्स लावायचे, कपडे सांभाळायचे, स्टेज मॅनेजरच्या शेजारी बसून क्यू (आता लाइट बदला, आता एंट्री घ्या असे इशारे) द्यायचे. याला नाक मुरडू नकोस हं. डान्सला लाइट बाजूने, विंगेतून का मारतात हे एकदा शिडीवर चढून कळलं की (समोरून मारला तर शरीर सपाट दिसतं) तुझं स्वतःचं उभं राहणं पण बदलेल.

धड ना हे धड ना ते होण्याची भीती मात्र अगदीच खोटी नाही. काही ठिकाणी जोड डिग्री म्हणजे थोडं हे थोडं ते, आणि टेक्निकचा क्लास आठवड्यातून दोनदाच, तेवढ्यात डान्सरचं शरीर टिकत नाही. म्हणून प्रॉस्पेक्टसमधले फोटो बघू नकोस, टाइमटेबल माग. टेक्निकचे तास किती, पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगात घेतात का, आणि जमीन कसली आहे ते विचार. लाकडी, खालून लवचिक हवी, काँक्रीटवर उड्या मारून घोटे आणि गुडघे जातात, रात्री तालीम आणि सकाळी क्लास असं सुरू झालं की हे फार महाग पडतं.

आता लिहिणं. असतं, भरपूर असतं. पण ते तुला वाटतं तसलं पाठांतर नाही, बघितलेलं शब्दांत पकडायचं असतं. रुडॉल्फ लाबान या नाचाच्या अभ्यासकाने १९२८मध्ये तर नाच लिहायची लिपीच छापली, खालून वर वाचायची, मधल्या रेषेच्या डावीकडे शरीराची डावी बाजू, उजवीकडे उजवी, आणि चिन्ह जितकं लांब तितकी हालचाल लांबलेली. तू आजपासून एक कर, तालमीनंतर दहा ओळी लिही, 'छान झालं' हे शब्द न वापरता.

प्रश्न : ऑडिशनला सगळ्यात अवघड पीस करू का?

उत्तर : नको. तुला नीट झेपतो तोच कर. बरेचदा परीक्षक मध्येच थांबवून म्हणतात 'आता हेच हळू कर' किंवा 'रागाने कर', आणि तिथे ते बघत असतात तू सांगितलेलं ऐकून बदलतेस की पाठ केलेलंच पुन्हा करतेस.