वाचकांचे प्रश्न : रोटाच्या थेंबांत डुकराचा विषाणू?

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे साखर पेठेत आली आहे. बाळाला दीड महिना झाला. आशाताई लसीचं दोनदा सांगून गेल्या. पण जावई हैदराबादहून फोनवर म्हणतात, रोटाच्या लसीत डुकराचा विषाणू सापडला होता, तूर्त थांबा. त्या विषाणूचं नाव म्हणे पीसीव्ही, आणि बाळाच्या कार्डावरही पीसीव्ही लिहिलेलं आहे! जावयांपुढे मी काय बोलणार? खरं काय ते तुम्हीच सांगा. — एक आजी, सोलापूर

उत्तर : कार्डावरची पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकस जिवाणूविरुद्धची लस, मांडीत टोचतात ती. डुकरातला तो पोर्साइन सर्कोव्हायरस. आद्याक्षरं जुळली, बाकी काही संबंध नाही.

जावयांनी वाचलं ते मात्र खोटं नाही, अर्धं आहे. २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधक एरिक डेलवार्ट यांच्या गटाने आठ जिवंत लसी (कमजोर केलेला जिवंत विषाणू असलेल्या) घेतल्या आणि त्यांत जेवढं डीएनए-आरएनए होतं ते सगळं सिक्वेन्सिंगने, म्हणजे त्यांचा अक्षरक्रम वाचायच्या तंत्राने, वाचून काढलं. बाळांना जुलाब लावणाऱ्या रोटा विषाणूविरुद्धच्या ‘रोटारिक्स’ या लसीत सर्कोव्हायरस-१ निघाला. २२ मार्चला एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ती लस तात्पुरती थांबवायला सांगितलं. मे महिन्यात ‘रोटाटेक’ या दुसऱ्या कंपनीच्या लसीतही सर्कोव्हायरसच्या डीएनएचे तुकडे मिळाले. तरीही १४ मे रोजी दोन्ही लसी वापरायला हरकत नाही असं एफडीएने जाहीर केलं. हा विषाणू माणसाला आजारी पाडतो याचा पुरावा नव्हता, लस आधीच लाखो बाळांच्या पोटात गेलेली होती, आणि रोटाच्या जुलाबांनी बाळं दगावतात हे तर कुणी नाकारत नव्हतं. फोनवर फिरते ती मार्चची बातमी; मेची कुणी पुढे पाठवत नाही.

विषाणू आत आला कसा? रोटाचा विषाणू व्हेरो पेशींवर, म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या पेशींवर वाढवतात. त्याला पेशीत शिरायला ट्रिप्सिन हे पाचकद्रव्य लागतं, आणि ते डुकराच्या स्वादुपिंडातून काढलं जात असे. रोटारिक्सच्या बाबतीत तर हा पाहुणा थेट मास्टर सेल बँकेत निघाला, म्हणजे ज्या गोठवलेल्या साठ्यातून पुढची प्रत्येक बॅच बनते त्यातच.

मग तपासणाऱ्यांना आधी का दिसला नाही? मी पुण्यात एका लस-कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात, होते, म्हणून आतलं सांगते. नमुना तीन प्रकारच्या पेशींवर टाकायचा आणि २८ दिवस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं, पेशी फुगतात का, गोल होऊन सुटतात का. शिवाय उंदरांची पिल्लं, कोंबडीची उबवलेली अंडी. ही कंटाळवाणी कामं आम्ही मन लावून करायचो. पण त्यातून सापडतो तो नासधूस करणारा विषाणू. सर्कोव्हायरस-१ पेशींना धक्काही न लावता नांदतो. पीसीआर, म्हणजे ठरावीक विषाणूचंच डीएनए-आरएनए शोधणारी चाचणी म्हणाल, तर एसटी स्टँडवर एकाच माणसाचं नाव पुकारण्यासारखं. ज्याचं नाव आपल्या डोक्यातच नाही तो बाजूला उभा असला तरी कळणार नाही. सिक्वेन्सिंगला आधी नाव ठाऊक असावं लागत नाही. लाखो तुकडे वाचायचे, त्यातले लसीच्या विषाणूचे आणि पेशींचे वगळायचे, उरलेले ज्ञात विषाणूंच्या साठ्याशी ताडून पाहायचे.

जिवंत लसीला हे जास्त गरजेचं, कारण तिच्यात शिरलेला आगंतुक विषाणू नंतर मारून टाकता येत नाही. विषाणू मारणारं रसायन घातलं तर लसच मरेल.

पण सापडलेला तुकडा म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. २०१३ मध्ये एक ‘नवा विषाणू’ असाच गाजला, आणि शेवटी तो रुग्णांत नव्हे, नमुन्यातून डीएनए काढायच्या सिलिकाच्या नळ्यांत निघाला! म्हणून सोबत नुसत्या पाण्याचाही नमुना चालवतात, आणि संशयित सापडला की तो पेशींत वाढतो का ते पाहतात. मला खटकतं ते वेगळंच. २०१० चा शोध कारखान्यातून यायला हवा होता, तो बाहेरच्या संशोधकांकडून आला.

सरकारी लसीकरणात आपल्याकडे रोटाव्हॅक आणि रोटासिल या भारतात बनलेल्या लसी आहेत. २०१० ची बातमी त्यांची नव्हे. रोटाव्हॅकचा मूळ विषाणू दिल्लीतल्या एका नवजात बाळाकडून मिळाला होता. बॅचला कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेचा हिरवा कंदील लागतो.

तेव्हा थेंब पाजा. सहा, दहा आणि चौदा आठवडे, असे तीन डोस. नोंद झालेली खरी अडचण म्हणजे क्वचित आतडं आतड्यात शिरतं. लस दिल्यानंतर बाळ कळवळून रडू लागलं, सारखं ओकलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर तडक दवाखाना गाठा. सोलापूरच्या मे महिन्यात मी विषाणूपेक्षा उन्हाला जास्त भिते: कुपीवरच्या गोलातला चौकोन (उष्णतेने तो गडद होत जातो) गोलापेक्षा फिका आहे ना, ते बघायला नर्सताईंना सांगा. आणि जावयांशी तुम्ही वाद घालू नका, हे पान त्यांना पाठवा. वाईटपणा माझ्याकडे.

प्रश्न : भावाला सांधेवातासाठी बायोलॉजिकल इंजेक्शन सुरू आहे. तेही पेशींत बनतं म्हणे. त्यातही असं काही निघू शकतं का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कारखान्यात निघालंय. २००९ मध्ये अमेरिकेत जेन्झाइमच्या ऑलस्टन कारखान्यात औषध बनवणाऱ्या हॅम्स्टरच्या (उंदरासारख्या प्राण्याच्या) पेशींच्या टाक्यांमध्ये व्हेसिव्हायरस २११७ नावाचा विषाणू शिरला. पेशी नीट वाढेनात म्हणून कळलं. कारखाना बंद करून धुवावा लागला आणि गोशे व फॅब्री या दुर्मीळ आजारांच्या रुग्णांना औषध पुरवून पुरवून वापरावं लागलं. हाल झाले ते तुटवड्याने.

तुमच्या भावाचं औषध बहुधा प्रतिपिंड (अँटिबॉडी) असेल. ते आम्लात ठेवतात, मग अतिसूक्ष्म गाळणीतून काढतात, त्यामुळे चुकून शिरलेला विषाणूही मरतो किंवा अडकतो. जिवंत लसीला ही सोय नाही. शिवाय नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीएच या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने आपली विषाणू-सुरक्षेची नियमावली सुधारली, आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या जागी सिक्वेन्सिंग वापरायला वाट मोकळी केली. उंदरांची पिल्लं हाताळलेल्या माझ्यासारखीला याचा आनंद वेगळा सांगायला नको.

भावाच्या डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा : इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झाली होती का? सांधेवातात देतात त्या, टीएनएफ हे सूज आणणारं शरीरातलं द्रव्य रोखणाऱ्या औषधांनी शरीरात दबून बसलेला टीबी उफाळू शकतो. तपासणी राहिली असेल तर पुढच्या डोसची वाट न बघता आधी ती करून घ्या.