पोस्टर एकटीनं पूर्ण केलं, मग बिघडलं कुठं?

डॅलसहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर यावलचं, सासर धरणगावचं, म्हणजे आपल्या खानदेशातलीच. तिची मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. ती लिहिते, "ग्रुप प्रोजेक्टचं पोस्टर तिनं घरी आणलं, बाकीच्या तिघांनी चिकटवलेलं काढलं आणि रात्री जागून एकटीनं सुरेख पूर्ण केलं. तर टीचर मीटिंगमध्ये म्हणतात, हिला मिळून काम करायला शिकवा. काकू, काम चांगलं केलं हा काय गुन्हा झाला? आपण असंच शिकून इथवर आलो ना?"

आलो, बेटा. दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, इंजिनीअरिंग, मग व्हिसा. शेजारच्याला वही दाखवायची नाही, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. परक्या देशात लेकरू कुठं मागं पडू नये ही तुझी धास्तीही मला कळते. पण ज्या तिघांचं चिकटवलेलं तिनं उपटून काढलं, ते उद्या तिच्याशेजारी डबा खायला बसतील का, हे तू पत्रात कुठंच विचारलेलं नाहीस. टीचरवर रागावू नकोस.

आणि शेवटी तू सहज एक वाक्य लिहिलंस, मी तिथंच अडले. "घरी मी तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही, तिनं फक्त अभ्यास करावा." अगं, शाळेतल्या पोस्टरचं मूळ इथं आहे. घरात जिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, तिला दुसऱ्यावाचून आपलं अडतं हे कुठून कळणार?

हे मी आधीही लिहिलंय, पुन्हा लिहिते. सहकार्य मुलांना सांगून येत नाही. एकट्यानं होणारच नाही असं काम त्यांच्यापुढं ठेवावं लागतं.

जळगावात आमच्या गल्लीत सध्या बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस आहेत. ज्वारीचा शिजवलेला घाटा गरम आहे तोवरच थापावा लागतो, निवला की हाताला वळत नाही. म्हणून एकजण पातेल्यात ढवळणार, एकजण गोळे आणून देणार, दोघी-तिघी खाटेवरच्या ओल्या धोतरावर ओल्या हातानं थापणार. परवा आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या सात वर्षांच्या नातीकडं पाण्याच्या वाट्या होत्या, प्रत्येकीच्या हाताशी भरून ठेवायच्या. ती मधेच घाट्यावर तेल घेऊन खायला जिन्यात जाऊन बसली. इकडं वाट्या रिकाम्या, घाटा बोटांना चिकटायला लागला, सगळ्यांनी एकदम तिच्या नावाची हाक मारली. ती धावत आली. जाऊबाई रागावल्या नाहीत, आणि तांब्या स्वतःही उचलला नाही. एवढंच म्हणाल्या, "हाई काम तुनं शे," म्हणजे हे काम तुझं आहे. शेवटची बिबडी पडेपर्यंत पोरगी तिथून हलली नाही.

तुझ्याच टेक्सासात, ऑस्टिनच्या शाळांत, १९७१ साली हेच तत्त्व वापरलं गेलं. वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, वातावरण तापलेलं होतं. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं धड्याचे तुकडे केले. पाच-सहा जणांच्या गटात प्रत्येकाला एकच तुकडा. तो आपण समजून घ्यायचा, बाकीच्यांना शिकवायचा, आणि परीक्षा साऱ्या धड्यावर. इंग्रजीत अडखळणाऱ्या एका मुलाला गटातली मुलं आधी चिडवायची. त्याचा तुकडा दुसऱ्या कुणाकडं नाही हे ध्यानात आल्यावर तीच मुलं त्याला नीट प्रश्न विचारून बोलतं करायला लागली.

मुलांना मदत करायची इच्छाच नसते, असं म्हणू नकोस. वार्नेकेन आणि टोमासेलो या दोघा संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. दीड वर्षाच्या मुलांसमोर कपडे वाळत घालताना मोठ्या माणसाच्या हातून चिमटा पडायचा, आणि कुणी न सांगता मुलं तो उचलून द्यायची. आमचा धाकटा त्या वयात मिनियापोलिसच्या घरात लाटणं मागत ओट्याशी उभा राहायचा. सासूबाईंनी त्याला कधी हुसकावलं नाही, हातात कणकेचा गोळा दिला. आज तो घरी आला की न सांगता कांदा चिरायला घेतो, आणि ऑफिसातही सगळ्यांना धरून असतो. मला तर हे दोन्ही एकच वाटतं.

डॅलसला बिबड्या अवघड, भरीत अवघड नाही. बामणोदची हिरवी वांगी मिळणार नाहीत, तिथली मोठी जांभळी घे. दर रविवारी बाबांनी वांगी भाजायची, तुझ्या धाकट्यानं सोलायची, लेकीनं पुऱ्यांची कणीक मळायची, आणि शेंगदाणे-मिरची-लसूण परतून पातीसकट भरीत ठेचणं तुझ्याकडं. लेकीनं कणीक मळली नाही, तर तू मळायची नाही. त्या दिवशी सगळ्यांनी भरीत ब्रेडशी खायचं, टोमणा न मारता. पुढच्या रविवारी कामं बदला. धाकट्याची वाकडी पुरी ती पुन्हा लाटायला घेईल, तिथं तिचा हात धर. वाकडी पुरीही फुगते, हे तिला कढईत बघू दे.

आणि त्या तिघांची माफी तिनं स्वतः मागायची, तू त्यांच्या आयांना मेसेज पाठवून नाही. मग एका रविवारी त्यांनाही भरिताला बोलाव.

आता बाकीच्या पत्रांना थोडक्यात उत्तरं. मेलबर्नच्या ताई, गटातली मुलं काहीच करत नाहीत म्हणून तुमचा मुलगा सगळं ओढतो. कुणी कोणता भाग करायचा हे शिक्षकांकडून लिहून घ्या, आणि दुसऱ्याचा भाग त्याला करू देऊ नका.

लेस्टरचे भाऊ, चार आणि सहा वर्षांची भावंडं टॅबवरून भांडणारच. हात उगारला तर मधे पडा, नाहीतर घड्याळ लावून द्या.

मस्कतचे भाऊ, आई सहा महिन्यांसाठी येतायत आणि मुलांशी त्यांचं जमेल का ही तुमची काळजी. त्यांना सोफ्यावर बसवून ठेवू नका, मुलांना त्यांच्या हाताखाली द्या. तुमच्याकडं गच्ची आहे, ऊनही आपल्यासारखंच. बिबड्यांची ज्वारी भिजायला काही दिवस जातात, तेव्हा त्या आल्या की पहिल्याच आठवड्यात भिजत घाला.