आधी तिच्या आईला भेटा

प्रिय ‘झोप उडालेली’,

तुम्ही लिहिता की रविवारी ‘कॅपरनॉम’ हा लेबनॉनचा सिनेमा पाहिला, आणि तेव्हापासून बाल्कनीत जाववत नाही. शेजारच्या बांधकामाच्या साइटवर आठ-नऊ वर्षांची मुलगी दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरते. शाळा नाही, जन्माचा दाखला नाही. तिला घरी आणावंसं वाटतं, आणि नवरा म्हणतो, ‘सिनेमा बघून तुझं डोकं फिरलंय.’

नवऱ्याचं अर्धंच खरं आहे. डोकं फिरलेलं नाही, पण घरी आणायचं मनातून काढा. तिला आई आहे.

बैरूतच्या रस्त्यावर सिनेमातला तो पोरगा, झैन, बाळाला पातेल्यात बसवून स्केटबोर्डवरून ओढत नेतो, ते तुमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या डोळ्यांपुढून डॉक्टर हलत नाही. पोराचं वय कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून तो त्याला तोंड उघडायला लावतो. दुधाचा दात उरला नाही, म्हणजे बारा वर्षांचा असेल. बाजारात बैलाचे दात बघतात, तसं! पडद्याबाहेरही तेच. त्या बाळाच्या आईचं, राहिलचं, काम करणाऱ्या योर्दानोस शिफेरावकडे कागदपत्रं नव्हती, आणि चित्रीकरणाच्या काळातच तिला खरीखुरी अटक झाली. झैनचं काम करणारा मुलगा स्वतः सीरियातून आलेला निर्वासित. २०१८ साली कान महोत्सवात सिनेमाला ज्युरी पुरस्कार मिळाला आणि पुढे त्याचं कुटुंब नॉर्वेला गेलं. त्याच्यापर्यंत कॅमेरा पोचला होता. साइटवरच्या पोरीपर्यंत फार तर तुम्ही पोचाल.

सिनेमातला मुलगा आईबापांवर खटला भरतो. तिथे माझं दिग्दर्शिकेशी जरा वाजतं. दिवसभर घमेली वाहणाऱ्या बाईने लहानग्याला ठेवायचं कुठे? म्हणून थोरली घरी. खरी गाठ धाकट्याची आहे. तो तीन वर्षांचा झाला असेल तर आधी जवळच्या अंगणवाडीत चौकशी करा. तो तिथे बसायला लागला, की मुलीचे हात मोकळे.

मग शाळा. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ तेच सांगतं. मुख्याध्यापक कुरकुरले तर हे शांतपणे ऐकवा. वय मोठं म्हणून पहिलीत बसवायचीही गरज नाही, वयानुसार वर्ग मिळतो.

जन्माचा दाखला मात्र वेळ खाईल. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी होती आणि ती जन्म झाला तिथेच होते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे बाळंतपण घरी झालं की दवाखान्यात, कुठल्या गावी, हे आईकडून नीट समजून घ्यायचं आणि मग खेटे घालायचे. तिची एक दिवसाची मजुरी बुडते हे ध्यानात ठेवा. कागद तुम्ही लिहा, अंगठा उठवायला तिला एकदाच बोलवा. आणि मारहाण दिसली, पोर उपाशी दिसलं, तर थांबू नका, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर फिरवा.

उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत जा. फोटो काढू नका. आईशेजारी बसा, आणि आधी मुलीचं नाव विचारा. तुमच्या चार पानी पत्रात ते कुठेच नाही.

तुमची,
ताई