७२ डीपीआय केलं तरी माझ्या डिजिटल स्क्रॅपबुकच्या पानाची फाइल ९ एमबीच राहते. ऑनलाइन टाकण्याइतकी लहान कशी करू? आणि चाळीस पानं एकदम कशी करता येतील?

तुमची फाइल ९ एमबीच राहिली हे फार बरं झालं. मनापासून सांगते. ती लहान झाली असती आणि हाताच्या सवयीने तुम्ही सेव्ह दाबलं असतं, तर आज तुम्ही वेगळाच प्रश्न विचारला असता आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

पान बारा बाय बारा इंचाचं, ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, फोटोशॉपमध्ये केलेलं आहे असं धरते. म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल, एक कोटी एकोणतीस लाख साठ हजार ठिपके. इमेज साइजच्या खिडकीत रीसॅम्पलची (ठिपक्यांची संख्या बदलू देणारी) खूण काढलेली असताना ३०० च्या जागी ७२ लिहिलं, तर त्यातला एकही ठिपका कमी होत नाही. हेच ठिपके छापताना इंचाला ७२ या हिशोबाने मांडा, एवढीच नोंद फाइलमध्ये बदलते. बारा इंचांचं पान पन्नास इंचांचं होतं, तेही कागदावर. फाइल तेवढीच राहते. तुमचं नेमकं हेच झालंय.

तीच खूण असताना ७२ लिहिलं, तर पान बारा इंचच राहतं आणि ठिपके उरतात ८६४ बाय ८६४. फाइल एकदम हलकी होते. म्हणून निम्मे लोक शपथेवर सांगतात की ७२ केलं की काम होतं, आणि निम्मे म्हणतात की काहीच होत नाही. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही नको त्या आकड्याकडे बघत असतात.

हा ७२ आला कुठून, तर १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ ठिपके होते. छपाईतला पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणून एक ठिपका म्हणजे एक पॉइंट असा मेळ तिथे बसला होता. आजच्या बऱ्याच फोनच्या पडद्यांवर इंचाला चारशेच्या वर ठिपके असतात. तरीही ‘वेबला ७२ लागतं’ हे वाक्य एकाकडून दुसऱ्याकडे जातच राहतं. मी ते माझ्या सख्ख्या भावाकडून ऐकलं, आणि त्या एका वाक्याने माझं जे गेलं ते सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

आई गेल्यानंतरच्या वर्षी मी तिच्यावर एकतीस पानं केली होती. फोटो कमी आणि पत्रं जास्त. लग्नाआधी ती मावशीला लिहायची ती पत्रं मावशीने जपून ठेवली होती. मी ती मागून आणली, एकेक करून स्कॅन केली आणि परत नेऊन दिली. पानांवर पत्राचा तुकडा, बाजूला फोटो, खाली माझं दोन ओळींचं टिपण. काही पानांवर तर नुसतं पत्रच, कारण तिच्या अक्षरापुढे दुसरं काही ठेवावंसंच वाटेना. पान पूर्ण झालं की मी सगळे थर एकत्र करून उत्तम दर्जाची जेपेग करायचे आणि पीएसडी, म्हणजे थर वेगवेगळे ठेवणारी फोटोशॉपची फाइल, उडवायचे. एकेक पीएसडी तीन-चारशे एमबीची व्हायची आणि डिस्क भरत आली होती. पानांच्या जेपेग आणि पत्रांचे स्कॅन मी एकाच फोल्डरमध्ये ठेवले होते.

नातेवाइकांना दाखवायला ती ऑनलाइन टाकायची होती, आणि तुमच्यासारखीच माझी फाइल जड. मी दादाला म्हटलं, जरा लहान करून दे. त्याने माझ्याच खुर्चीत बसून एका पानावर अ‍ॅक्शन रेकॉर्ड केली, म्हणजे पायऱ्यांची नोंद करून ठेवली: इमेज साइज, ७२, ओके. मग त्याच पायऱ्या अनेक फाइलवर आपोआप चालवणारं ऑटोमेटमधलं बॅच उघडलं, सगळा फोल्डर निवडला, आणि डेस्टिनेशनमध्ये निवडलं ‘सेव्ह अँड क्लोज’. त्याचा अर्थ असा की प्रत्येक फाइल उघडायची, बदलायची आणि तिच्याच जागी, तिच्याच नावाने जतन करायची. मी शेजारी उभी होते. पानं पडद्यावर भराभर येत होती, जात होती. आईचा चेहरा, तिचं अक्षर, परत चेहरा. काही मिनिटांत सगळं झालं. दादा म्हणाला, झालं बघ, टाक आता. मी टाकली. सगळ्यांनी कौतुक केलं.

चार महिन्यांनी अल्बम छापायला दिला, तेव्हा छपाईवाल्याने कळवलं की फाइल फार लहान आहेत, मूळ पाठवा. मी म्हटलं, मूळच पाठवल्यात. मग एकेक उघडून पाहिली. पानं ८६४ ची झाली होती. ते एक वेळ चाललं असतं, फोटो दुसरीकडे होते, मी पुन्हा मांडली असती. पण स्कॅनही त्याच फोल्डरमध्ये होते. आठ बाय दहाचा एकेक स्कॅन २४०० बाय ३००० होता, तो उरला ५७६ बाय ७२०. अक्षर आईचं आहे हे ओळखू येतं. ती काय लिहिते आहे ते वाचता येत नाही. मोठं करून बघितलं की ओळी एकमेकींत मिसळतात आणि शाईच्या कडेने करडे डाग दिसतात.

मावशीकडे धाव घेतली. मधल्या काळात तिने घर बदललं होतं आणि त्या सामानात पत्रांची पेटी हरवली होती. चौदा पत्रं होती. आज आहेत ती फक्त त्या ५७६ ठिपक्यांत.

दादाचं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: तू लहान करायला सांगितलीस, मी केली, आणि वेबला ७२ च लागतं. माझं म्हणणंही एकच आहे. लहान करायची ती प्रत. मूळ फाइलला हात लावायचा अधिकार कुणालाही नाही, ती फाइल कितीही जड असली आणि करणारा कितीही जाणता असला तरी. आणि वेबला ७२ लागत नाही, वेबला पिक्सेल लागतात. डीपीआयच्या खान्यात ७२ असो की ३०० की ५, पडद्यावर पान तसंच्या तसं दिसतं. विश्वास बसत नसेल तर रीसॅम्पल बंद ठेवून एकाच पानाच्या दोन प्रती करा आणि शेजारी शेजारी लावून पाहा.

आता तुमचं काम. फाइल उघडली की सगळ्यात आधी इमेज मेनूतून डुप्लिकेट करा आणि मूळ बंद करून टाका. समोर उरते ती प्रत, ती अजून कुठेच जतन झालेली नाही, त्यामुळे चुकून सेव्ह दाबलं तरी नाव विचारलं जातं. थर असतील तर प्रतीत एकत्र करा. रीसॅम्पल चालू ठेवून रुंदी पिक्सेलमध्ये लिहा, इंचांकडे बघूच नका. गिम्प या मोफत प्रोग्राममध्ये हेच स्केल इमेजमधून होतं, आणि तिथे जेपेग एक्स्पोर्टमधूनच निघते. एक्स्पोर्टला मात्र नवीन नाव द्या.

किती पिक्सेल? ६०० बाय ६०० ची जुनी सवय सोडून द्या. ६०० म्हणजे मूळ ठिपक्यांचा छत्तिसावा भाग. दहा पॉइंटचा मजकूर ३०० वर साधारण ४२ पिक्सेल उंच असतो, तो ६०० च्या पानात ७ पिक्सेलचा उरतो. सात पिक्सेलमध्ये वेलांटी आणि मात्रा कुठे मावणार? १२०० ठेवलंत तर तोच मजकूर १४ चा राहतो आणि वाचता येतो. हाताने लिहिलेलं काही असेल तर १६००. मी त्याच्या खाली जात नाही, फाइल थोडी जड झाली तर होऊ दे.

मग जेपेग. सेव्ह फॉर वेबमध्ये गुणवत्ता ७० ते ८० च्या मध्ये ठेवा, फाइल किती होणार ते तिथेच खाली दिसतं. १०० वर ठेवणं म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टीसाठी फाइल कितीतरी फुगवणं. केबीची मर्यादा असेल आणि पिक्सेल कमी करू की गुणवत्ता असा प्रश्न पडला, तर मजकुराच्या पानावर गुणवत्ता उतरवा आणि पिक्सेल राखा. ८०० वर ९५ पेक्षा १६०० वर ६५ मला केव्हाही चालेल. जेपेग चित्राचे आठ बाय आठचे चौकोन करून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील टाकून देते. अक्षर जितकं मोठं, तितका तो तोटा कमी जाणवतो.

तुमची ९ एमबी कशात जाते आहे तेही पाहा. चमकी, खरखरीत कागदाचा पोत, वर्तमानपत्राची पार्श्वभूमी, हे जेपेगला फार जड जातं, कारण तिथे प्रत्येक ठिपका शेजारच्यापेक्षा वेगळा असतो. साध्या रंगाच्या पार्श्वभूमीचं पान त्याच मापात माझ्याकडे निम्म्याहून हलकं होतं. पान बदला असं मी म्हणत नाही. पण सगळी पानं सारख्याच केबीत बसवायचा हट्ट धरू नका. बारीक चौकड्यांचा कागद असेल तर लहान केल्यावर त्यात नसलेले पट्टे उमटतात, तेव्हा दहा-वीस पिक्सेल इकडेतिकडे करून पाहा, बहुतेक वेळा जातात.

लहान केल्यावर पान जरा मऊ दिसतं, म्हणून जेपेग करण्याआधी, सगळ्यात शेवटी हलकं शार्पन करा, म्हणजे कडा जरा ठळक करा. शार्पन करून मग लहान केलं तर काही हाती लागत नाही. रंग एसआरजीबीत, म्हणजे पडद्यांसाठीच्या ठरलेल्या रंगपद्धतीत, बदलून घ्या, नाहीतर पडद्यावर लाल-केशरी मलूल दिसतात. लाल अक्षरांच्या कडा फिसकटत असतील तर गिम्पच्या जेपेगच्या पर्यायांत सबसॅम्पलिंग ४:४:४ करा. जेपेग रंगाची माहिती उजळपणाच्या माहितीपेक्षा जास्त दाबते आणि लाल अक्षरात ते आधी दिसतं.

चाळीस पानांचं एकदम. खरं सांगायचं तर एकेक करा असंच मला म्हणावंसं वाटतं. चाळीस पानांना एक संध्याकाळ लागेल, आणि प्रत्येक पान डोळ्याखालून जाईल. पण करायचंच असेल तर बॅच वापरू नका, फाइल मेनूत स्क्रिप्ट्समध्ये इमेज प्रोसेसर आहे तो वापरा. त्यात रीसाइझ टू फिटमध्ये रुंदी-उंची लिहायची, एसआरजीबीची खूण करायची, आणि जतन करायला वेगळा फोल्डर निवडायचा. तो जेपेग नावाचा नवा फोल्डर करून त्यात प्रती ठेवतो. तिथली गुणवत्ता १०० पैकी नसते, १२ पैकी असते, ८ च्या आसपास ठेवा. त्याआधी सगळा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. स्कॅन वेगळे, पानं वेगळी, थरांच्या फाइल वेगळ्या. हे मी दादाच्या बाजूने लिहितेय हे मला कळतं. ‘तुझ्याकडे दुसरी प्रत का नव्हती’ हे तो विचारतो आणि ते त्याचं बरोबर आहे. पण दुसरी प्रत नसणं ही माझी चूक होती म्हणून पहिलीवर लिहिणं बरोबर ठरत नाही. हे त्याने आजवर मान्य केलेलं नाही.

राहिलेल्या गोष्टी. फोटो नसलेलं, सपाट रंगांचं पान असेल तर पीएनजी जेपेगपेक्षा हलकी आणि स्वच्छ येऊ शकते. फोटोंच्या पानाला मात्र पीएनजी करू नका, विनाकारण कैक पटींनी जड होते. वेबपी आणखी लहान होते, पण सगळीकडे घेत नाहीत. केलेली जेपेग उघडून पुन्हा पुन्हा जेपेग करू नका, दर वेळी थोडं थोडं जातं. बदल हवा असेल तर मूळ उघडून नवी प्रत काढा. मेसेजवर पाठवताना फोटो म्हणून पाठवलं तर ते अ‍ॅप स्वतःच पुन्हा दाबतं, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कुणाला छापायला द्यायचं असेल तर लहान प्रत देऊच नका, मूळची लिंक द्या.

आज फक्त एक पान करा. प्रत ऑनलाइन टाकून झाली की मूळ फाइल पुन्हा उघडा आणि इमेज साइजमध्ये पिक्सेलचा आकडा वाचा. तिथे अजून ३६०० दिसत असेल तर उद्या बाकीची एकोणचाळीस घ्या.