बॅटरीचा दिवा अधूनमधून लागतो: अल्टरनेटर खरंच गेलाय का, आणि तो घरी बदलता येतो का?

तुमच्या प्रश्नातली लक्षणं अशी: २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, रात्री हेडलाइट आणि एसी एकत्र चालू असले की बॅटरीचा लाल दिवा लागतो-विझतो, सकाळी सेल्फ जड फिरतो, बॅटरी वर्षाच्या आतली आहे, आणि गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच ‘अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदला’ असं सांगितलंय.

बदलणं घरी जमतं. पण पार्ट विकत घ्यायच्या आधी मल्टीमीटर लावून अर्धा तास मोजमाप कराच. हीच लक्षणं सैल बेल्ट, गंजलेली अर्थिंग किंवा जळका जोड यांचीही असतात, आणि तसं असेल तर नवा अल्टरनेटर बसवूनही दिवा लागतच राहणार.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी व्होल्टेज बघा. पिना टर्मिनलच्या क्लॅम्पवर न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, कारण अर्धवट बॅटरीवर पुढचं कुठलंच माप भरवशाचं येत नाही.

इंजिन बंद असतानाच आणखी तीन गोष्टी होतात. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवून बघा. ती बेल्टखाली सरकत असेल तर बेल्ट सैल आहे. बेल्टच्या आतल्या बाजूला चिरा, काचेसारखी चकाकी किंवा ऑइलचा ओलावा असेल तर तो बदलायचाच. दुसरं, अल्टरनेटरच्या मागे रबरी टोपीखाली जाड वायरचा बोल्ट असतो, त्याला बी टर्मिनल म्हणतात. तिथे इंजिन बंद असतानाही बॅटरीइतकं व्होल्टेज मिळायला हवं. शून्य आलं तर मेन फ्यूज उडालाय. जंप स्टार्ट करताना प्लस-मायनस उलटे लागले की हा हमखास उडतो. तिसरं, चावी ऑन केल्यावर बॅटरीचा दिवा लागतोय ना? तेव्हा लागतच नसेल तर दोष दिव्याच्या वायरीत किंवा कपलरमध्ये (वायरींचा प्लग) असू शकतो, आणि काही गाड्यांत एवढ्यावरूनही चार्जिंग सुरू होत नाही.

आता इंजिन चालू करा. बॅटरीवर १३.८ ते १४.५ हे निरोगी माप. मग हाय बीम, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर असा सगळा लोड टाका आणि कोणालातरी अ‍ॅक्सिलरेटर १,५०० ते २,००० आरपीएमवर दोन मिनिटं धरायला सांगा. व्होल्टेज १३.२ च्या वर टिकलं तर चार्जिंग ठीक. १२.५ वर येऊन हळूहळू उतरतच गेलं तर चार्जिंग पुरत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) गेलाय. अशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरीचं पाणी आटतं आणि बल्ब उडतात. काही गाड्यांत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मुद्दाम चार्जिंग कमी करतो, तिथे लोड नसताना १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. लोड टाकल्यावर आकडा वर आला पाहिजे.

यानंतरची चाचणी फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे. लोड तसाच ठेवून मीटरची लाल पिन बी टर्मिनलवर आणि काळी पिन बॅटरीच्या प्लस खांबावर धरा. म्हणजे वायरच्या दोन टोकांमधला फरक मोजायचा. ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. मग अल्टरनेटरच्या बॉडीवरचा स्वच्छ धातू आणि बॅटरीचा मायनस खांब यांच्यात मोजा, इथे ०.१ च्या आसपास हवं. समजा अल्टरनेटरवर १४.३ आहे आणि बॅटरीवर १३.१, तर मधले १.२ व्होल्ट वायरिंग खातंय आणि अल्टरनेटर निर्दोष आहे. प्लसच्या बाजूला चोर सापडतो तो मेन फ्यूजच्या बोल्टखाली, नाहीतर लगच्या (वायरीच्या टोकाचा धातूचा कान) क्रिम्पमध्ये, म्हणजे दाबून बसवलेल्या जोडात, जिथे इन्सुलेशन सोललं की तांबं हिरवं पडलेलं दिसतं. मायनसच्या बाजूला इंजिन किंवा गिअरबॉक्सकडून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी बघा. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेने ही पट्टी आतून खाल्ली जाते आणि वरून शाबूत दिसते. बोल्ट खोला, सॅंडपेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा, घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. कित्येकदा काम इथेच संपतं.

मोजताना बाह्या दुमडलेल्या, ओढणी-मफलर बाजूला, हात बेल्टपासून लांब. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, हे विसरू नका.

तुमचा सेल्फ सकाळीच जड फिरतो, म्हणून डायोडही (अल्टरनेटरमधला, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासा. एक डायोड फुटला की अल्टरनेटर काही प्रमाणात चार्ज करत राहतो, पण पूर्ण लोड पेलत नाही. आणि तो डायोड शॉर्ट झाला असेल तर गाडी बंद असताना बॅटरीचा करंट उलटा त्याच्यातून गळतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजा. ०.१ च्या आत ठीक, ०.५ च्या वर डायोड खराब. पण बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरवर एसीची सगळ्यात लहान रेंजच २०० व्होल्टची असते आणि तो डीसीलाही एसी समजून भलताच आकडा दाखवतो, त्यामुळे त्याच्यावर ही चाचणी करू नका. त्याऐवजी गळती मोजा: गाडी बंद, मायनस केबल काढलेली, मीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून मायनस खांब आणि केबल यांच्यामध्ये. दारं लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे सगळे कंट्रोल युनिट झोपतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत. जास्त असेल तर मीटर काढा, बी टर्मिनलची वायर सोडवून टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. गळती थांबली तर डायोडच. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज तरी जाईल किंवा मीटर.

एक जुनी युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच: चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढा, बंद पडली तर अल्टरनेटर गेला. हे अजिबात करू नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज क्षणभर ४० च्याही वर उसळू शकतं आणि ईसीयू कामातून जातो.

एवढं करून दोष अल्टरनेटरचाच निघाला, तर नवाच घ्यायला हवा असं नाही. बेअरिंगचा आवाज नसेल, जळका वास नसेल आणि चार्जिंग अधूनमधून तुटत असेल, तर बहुतेक वेळा कार्बन (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे ब्रश) झिजलेले असतात. ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन किंवा कार्बनसकट रेग्युलेटर बदलून देतो, खर्च नव्याच्या मानाने फारच कमी. डायोड प्लेट आणि वाइंडिंग दोन्ही गेलं असेल तर मात्र मी नवा किंवा वॉरंटी देणारा रीकंडिशन्डच घेईन. जुना अल्टरनेटर सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून पाहा: लेबलवरचा पार्ट नंबर, अँपिअर (कमी नकोत), पुलीच्या खाचा आणि व्यास, कपलरच्या पिना, बोल्टच्या कानांमधलं अंतर.

बदलायला बहुतेक छोट्या गाड्यांत १०, १२ आणि १४ चे पान्हे, सॉकेट सेट आणि एक लांब टॉमी (लोखंडी दांडा) पुरते. खालून हात घालावा लागला तर गाडी जॅकस्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकखाली शिरू नका. पहिलं काम बॅटरीचा मायनस काढणं. बी टर्मिनल बॅटरीला थेट जोडलेलं असतं, मायनस तसाच राहिला आणि पान्हा बॉडीला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. बेल्टचा मार्ग मोबाइलवर टिपून ठेवा. अ‍ॅडजस्टरचा बोल्ट सैल करा, बेल्ट उतरवा, कपलरची खिट्टी दाबून तो काढा (प्लास्टिक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, ओढाताण नको), बी टर्मिनलचा नट काढा आणि शेवटी दोन माउंटिंग बोल्ट. अल्टरनेटर ब्रॅकेटमध्ये अडकून बसतो, कारण कानातली सरकती बुश (धातूची छोटी नळी) आवळलेली असते. टॉमीने हळूहळू हलवत काढा. नवा बसवण्याआधी तीच बुश हातोडीने किंचित मागे ठोका, नाहीतर तो जागेवर शिरतच नाही.

बसवताना बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा, मगच पान्हा. बी टर्मिनलचा नट घट्ट हवा, पण जोर आवरून. स्टड तुटला तर नव्या अल्टरनेटरची वॉरंटीही गेली. बेल्टचा ताण गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. सैल बेल्ट किंचाळतो, जास्त ताणलेला बेअरिंग खातो. काही गाड्यांत अ‍ॅडजस्टरच नसतो, बेल्ट स्वतः ताणणारा असतो. तो एकदा उतरवला की नवाच टाका, आणि चढवायला त्याचं खास टूल लागतं.

हे वाचणाऱ्या डिझेलवाल्यांसाठी: जुन्या सुमो, बोलेरोसारख्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याचा पाइप नीट बसला नाही तर ब्रेक पेडल दगडासारखं होतं, म्हणून आधी जागेवरच ब्रेक दाबून बघा आणि मगच गाडी हलवा. बेल्टवर चालणारा हायब्रिड स्टार्टर-जनरेटर असेल तर घरी हात घालू नका.

इंजिन सुरू करण्याआधी बॅटरी पुन्हा चार्जरवर पूर्ण भरा. अल्टरनेटरचं काम भरलेली बॅटरी भरलेली ठेवणं. रिकामी बॅटरी जोडून नव्या अल्टरनेटरला पहिल्याच दिवशी तासभर पूर्ण करंट ओढायला लावला तर डायोड तापून तो लवकर मरतो. मग लोड टाकून बॅटरीवरचं आणि वायरीवरचं अशी दोन्ही मापं परत घ्या. नवा बेल्ट टाकला असेल तर पहिल्या काही दिवसांत तो थोडा सैलावतो, तेव्हा आठवड्याभराने ताण पुन्हा बघून अ‍ॅडजस्टरचा बोल्ट आवळा.